कॉलमचा पहिला हिशोब

सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूर, कुठलाही रस्ता धरा. साखर कारखान्याच्या धुराड्याशेजारी शिडी लावलेले दोन-चार उंच, चंदेरी दंडगोल उभे दिसतात. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीचे ते कॉलम. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभच्या एमआयडीसीत तर ते पावलोपावली आहेत, आणि मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांचे कॉलम लांबूनही नजरेत भरतात. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, एवढे उंच कशाला? आमच्या धंद्यात तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारतात: उंची कमी करत गेलो तर कुठे थांबावेच लागेल?

माझी उभी नोकरी या कॉलमांच्या पायथ्याशी गेली. बोईसरला, औषध कारखान्यांतून येणारे वापरलेले सॉल्व्हंट पुन्हा शुद्ध करणाऱ्या प्लांटवर मी प्रोसेस इंजिनिअर होते. मिथेनॉल, टोल्युइन, ॲसिटोन यांचे ड्रम यायचे. माल उकळायचा, वेगळा करायचा आणि परत पाठवायचा. आता मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते आणि एका बाबतीत हट्टी आहे. कॉम्प्युटर उघडण्याआधी कागदावर एक आकडा काढून दाखवायचा, मगच पुढे जायचे. हा आकडा म्हणजे टप्प्यांची किमान संख्या. नेमक्या तेवढ्याच टप्प्यांचा कॉलम जगात कुणी बांधत नाही. तरीही माझ्या मते या विद्येतला सर्वांत उपयोगी आकडा तोच, कारण 'हे होणार नाही' असे ठणकावून सांगणारा पहिला आकडा तो आहे.

एक उकळी, एक टप्पा

टप्पा म्हणजे काय, हे गोव्याच्या काजूच्या भट्टीवर चांगले कळते. मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा रस काढून आंबवतात आणि भांड्यात उकळतात. वाफ थंड करून जे हाती येते ते हुर्राक. त्यात अल्कोहोल साधारण 15 टक्के. हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी मिळते, 42 टक्क्यांच्या पुढेमागे. या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. रसायन तेच, भांडे तेच. फरक एवढाच की एकदाऐवजी दोनदा उकळले.

पाणी आणि अल्कोहोल एकत्र उकळू लागले की वाफेत दोन्ही असतात, पण द्रवात जेवढे अल्कोहोल असते त्याहून जास्त वाफेत असते, कारण ते पाण्यापेक्षा लवकर उडते. ती वाफ थंड केली की आधीपेक्षा कडक द्रव मिळतो. तो पुन्हा उकळला की आणखी कडक. द्रव आणि त्यातून निघालेली वाफ यांचा समतोल एकदा साधला की एक टप्पा पुरा झाला. हुर्राक हा पहिल्या टप्प्याचा माल, फेणी दुसऱ्याचा.

पण दर टप्प्याला चूल नव्याने पेटवायची म्हटली तर सरपणातच दिवाळे निघेल. यावरचा तोडगा एकोणिसाव्या शतकात निघाला. फ्रान्समध्ये सेलिए-ब्लुमेंताल याने आणि 1830 मध्ये आयर्लंडच्या ॲनियस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने सलग चालणारे उंच कॉलम आणले. ज्याने वर्षानुवर्षे बेकायदा भट्ट्या मोडल्या, त्यानेच जगाला सर्वांत कार्यक्षम भट्टी दिली. कॉलममध्ये एकावर एक छिद्रांचे ट्रे असतात. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो. ट्रेवर वाफ द्रवात शिरते तेव्हा वाफेतला जड भाग थंड होऊन खाली राहतो आणि त्याने सोडलेल्या उष्णतेवर द्रवातला हलका भाग उकळून वर निघतो. तळाशी एकदाच दिलेली उष्णता अशी प्रत्येक ट्रेवर पुन्हा कामाला येते. एका चुलीवर वीस-तीस भट्ट्या चालतात, म्हणा ना.

गुणाकाराची गोष्ट

आता आकड्यांकडे वळू. लॉग नावाने धास्तावणाऱ्यांनी घाबरू नये; साधा गुणाकार पुरतो.

उदाहरणाला बेंझिन आणि टोल्युइन घेऊ. बेंझिन 80 अंशांना उकळते, टोल्युइन 110.6 अंशांना. एका टप्प्यात या दोघांचे एकमेकांशी असलेले प्रमाण साधारण 2.5 पटीने बदलते. या पटीला आम्ही सापेक्ष बाष्पशीलता म्हणतो; प्लांटवर सगळे नुसते 'अल्फा' म्हणतात. अल्फा 2.5 म्हणजे द्रवात दोन्ही एकास एक असतील तर वाफेत अडीचास एक.

ती वाफ थंड करून पुन्हा उकळा: 6.25 ला 1. पुन्हा: 15.6 ला 1. मग 39 ला 1. पाचव्या टप्प्याला 97.7 ला 1, म्हणजे जवळजवळ 99 टक्के शुद्ध बेंझिन. हे झाले मध्यापासून वरच्या बाजूचे. खालच्या बाजूलाही 99 टक्के शुद्ध टोल्युइन हवे असेल, तर मध्यापासून तळापर्यंत उलट दिशेने तेवढेच पाच टप्पे लागतात. एकूण दहा.

हेच एका ओळीत असे मांडता येते. वरच्या मालात हलका आणि जड यांचे प्रमाण 99 ला 1. तळाच्या मालात जड आणि हलका यांचे प्रमाण 99 ला 1. दोघांचा गुणाकार 9801. आता अल्फाला स्वतःनेच किती वेळा गुणले की 9801 येतात, ते पाहायचे. 2.5 चा दहावा घात 9537 आहे, म्हणजे दहापेक्षा अगदी किंचित जास्त. तोच किमान आकडा. कॅल्क्युलेटरवर करायचे तर 9801 चा लॉग भागिले 2.5 चा लॉग. फेन्स्के समीकरण म्हणतात ते एवढेच.

मेरेल फेन्स्के अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेटच्या पेट्रोलियम प्रयोगशाळेत काम करत होते. पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलातून निघणारे पेट्रोल त्यांना बारीक-बारीक भागांत वेगळे करायचे होते, आणि प्रयोगशाळेतला कॉलम नेमके किती वेगळे करतो हे मोजायला काही माप हवे होते. 1932 मध्ये त्यांनी हा हिशोब प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये अंडरवूड यांनीही त्याच सुमारास तो स्वतंत्रपणे मांडला, म्हणून काही पुस्तकांत दोघांची नावे जोडलेली दिसतात. त्याआधी 1925 मध्ये मॅककेब आणि थीले यांनी आलेखावर टप्पे काढायची रीत शोधली होती. आजही पहिल्या परीक्षेत मुले पट्टी-पेन्सिलने त्या पायऱ्या काढतात. फेन्स्केंनी पट्टीही बाजूला ठेवली.

मला या समीकरणात सर्वांत आवडते ते हे की त्याला फार थोडी माहिती लागते. वरच्या मालाची शुद्धता, तळाच्या मालाची शुद्धता आणि अल्फा. बस. कॉलमात येणारा कच्चा माल कसा आहे, कुठल्या ट्रेवर सोडणार, वाफ किती देणार, ट्रे कुठल्या कंपनीचे, यांपैकी काहीच विचारावे लागत नाही. मात्र शुद्धता रेणूंच्या मोजणीने घ्यायची, वजनाच्या टक्क्यांनी नव्हे. मुले हमखास इथे घसरतात. मिश्रणात पाच-दहा घटक असले, तर त्यांतला जो हलका आणि जो जड नेमका वेगळा करायचा आहे, तेवढ्या दोघांवर हिशोब करायचा.

शुद्धता वाढवली की काय होते तेही इथेच दिसते. दोन्ही टोकांना 99 ऐवजी 99.9 टक्के मागितले, तर गुणाकार 9801 वरून जवळजवळ दहा लाखांवर जातो. टप्पे मात्र दहाचे पंधरा होतात, त्याहून जास्त नाही. खरा फटका अल्फामुळे बसतो. तीच 99 टक्के शुद्धता ठेवली आणि अल्फा 2.5 वरून 1.5 वर आला की दहाचे तेवीस टप्पे होतात. 1.1 वर आला की 97. 1.05 वर आला की 188 च्या वर. प्रॉपिलीन आणि प्रोपेन यांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम साडेपाच अंशांचा फरक आहे. म्हणूनच त्यांना वेगळे करणाऱ्या कॉलममध्ये दीडशे-दोनशे ट्रे घालावे लागतात आणि मोठ्या पेट्रोकेमिकल संकुलात तो कॉलम सगळ्यांच्या वर डोके काढून उभा असतो. उंचीचे कारण ग्राहकाच्या शुद्धतेच्या हट्टात कमी आणि दोन रेणूंच्या सारखेपणात जास्त दडलेले असते.

किमान कधी लागू होते

हे दहा टप्पे पुरतात केव्हा? माथ्यावर आलेली सगळी वाफ थंड करून, एक थेंबही बाहेर न काढता, पुन्हा कॉलममध्ये सोडली तर. त्याला टोटल रिफ्लक्स म्हणतात. कॉलम धडाक्यात उकळतो आहे, स्टीम खातो आहे, कंडेन्सरचे पाणी वाहते आहे आणि उत्पादन शून्य. मालकाच्या दृष्टीने निव्वळ नुकसान. पण प्रत्येक टप्प्याला जेवढे काम करता येते तेवढे पुरेपूर याच स्थितीत होते, म्हणून टप्पे कमीत कमी लागतात.

माल बाहेर काढायला लागलो की वरून परत उतरणारा द्रव घटतो, प्रत्येक टप्प्याचे काम थोडे हलके पडते आणि तीच शुद्धता गाठायला टप्पे वाढवावे लागतात. या दिशेलाही एक शेवट आहे. बेंझिन-टोल्युइनचे समसमान मिश्रण कॉलमला दिले, तर दर लिटर बेंझिनमागे सुमारे 1.3 लिटर परत सोडावेच लागते. त्याच्या खाली गेलात तर ट्रे कितीही चढवा, 99 टक्के येत नाही.

म्हणजे खऱ्या कॉलमची जागा दोन भिंतींमध्ये ठरते. एका भिंतीला टप्पे किमान आणि स्टीम अमर्याद. दुसऱ्या भिंतीला स्टीम किमान आणि टप्पे अमर्याद. बहुतेक डिझाइनर किमान रिफ्लक्सच्या 1.2 ते 1.5 पट रिफ्लक्स धरतात. या दोन टोकांवरून मधले टप्पे काढायचा आलेख गिलिलँड यांनी 1940 मध्ये दिला, आणि एच. ई. एदुलजी यांनी 1975 मध्ये त्या आलेखाचे सुटसुटीत समीकरण केले. आमच्या उदाहरणात किमान रिफ्लक्सच्या 1.3 पट धरले की साधारण 21 टप्पे येतात. किमान दहा, प्रत्यक्ष एकवीस. ही दुप्पट बऱ्याच मिश्रणांना लागू पडते. तोंडी हिशोबात आम्ही सर्रास किमान गुणिले दोन करतो.

तरी 21 म्हणजे कागदावरचे टप्पे. तळाशी द्रव उकळणारा रीबॉयलर स्वतः एक टप्पा असतो, तो वजा केला की उरले वीस. खरा ट्रे कागदावरच्या टप्प्याइतके काम करत नाही. 70 टक्के कार्यक्षमता धरली तर 29 ट्रे लागतात. दोन ट्रेंमध्ये 600 मिलिमीटर अंतर ठेवले की नुसते ट्रेच सतरा मीटर खातात. वर वाफेला आणि तळाला द्रवाला जागा ठेवली की कॉलम सहज सात मजली इमारतीएवढा होतो. रस्त्यावरून दिसणारी उंची अशी येते.

तीन मीटरचा कॉलम

किमान आकड्याने माझे किती काम वाचवले याचा हिशोब नाही, पण एक प्रसंग मुलांना नेहमी सांगते.

मिथेनॉल आणि पाणी वेगळे करायला नवीन कॉलम घ्यायचा होता. वर 99.5 टक्के मिथेनॉल हवे, तळाच्या पाण्यात ते 0.1 टक्क्याहून जास्त नको. एका पुरवठादाराचे कोटेशन बाकीच्यांच्या निम्म्या किमतीत आले. ट्रेऐवजी तीन मीटर पॅकिंग, म्हणजे वाफ आणि द्रव यांची गाठ घालून देणारा भराव, शेडच्या उंचीत बसणारा कॉलम, सिव्हिलचे काम जवळजवळ नाहीच. मॅनेजमेंट खूश. विक्रीसाठी आलेले गृहस्थ बोलायला गोड होते. पॅकिंग 'स्पेशल' आहे, असे ते दर दोन वाक्यांनी सांगत होते.

मी त्यांच्याच कोटेशनच्या पाठीवर आकडे मांडले. वर 99.5 म्हणजे 199 ला 1. तळाशी 0.1 म्हणजे 999 ला 1. गुणाकार 1,98,801. मिथेनॉल-पाण्याचा अल्फा मात्र जागोजागी बदलतो. तळाच्या पातळ मिश्रणात 7.5 च्या आसपास, माथ्याला 2.5 च्या आसपास. अशा वेळी दोन्ही टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे, 4.33 आले. त्याचा आठवा घात सव्वा लाखाच्या जरासा खाली, नववा पाच लाखांच्या वर. म्हणजे किमान टप्पे आठ आणि नऊच्या दरम्यान, नऊ धरायचे. आलेखावर एकेक पायरी काढली तरी नऊच येतात.

"तुमच्या पॅकिंगला एका टप्प्यासाठी किती उंची लागते?" मी विचारले.

"मॅडम, अर्धा मीटर. आमची गॅरंटी."

तीन मीटरला सहा टप्पे, रीबॉयलरचा एक मिळवून सात. सात टप्प्यांत, एक थेंबही माल न काढता, मिथेनॉल फार तर 97 टक्क्यांपर्यंत चढते. माल काढायला लागल्यावर त्याहून कमी. स्टीम वाढवा, कंडेन्सर मोठा करा, ऑपरेटर कितीही हुशार ठेवा, 99.5 येणार नाही. चर्चा तिथेच आटोपली. पुढे जो कॉलम घेतला त्यात आठ मीटर पॅकिंग होते आणि त्यासाठी शेडचे छप्परही कापावे लागले.

यात त्या गृहस्थांची लबाडी होती असे मी म्हणत नाही. त्यांनी बहुधा जास्त अल्फाच्या एखाद्या सोप्या कामासाठी केलेले डिझाइन आमच्या नावावर छापले असावे. पण पाच मिनिटांचा हिशोब केला नसता, तर पैसे भरून, कॉलम उभा करून, सहा महिने ट्रायल घेऊन आम्ही त्याच निष्कर्षाला पोहोचलो असतो.

कॉलमची परीक्षा

समीकरण उलटेही चालते, आणि मला ते काम जास्त रंजक वाटते. उभ्या कॉलममध्ये खरोखर किती टप्पे आहेत हे डोळ्यांनी दिसत नाही. पण टोटल रिफ्लक्सवर चालवून दोन्ही टोकांचे नमुने घेतले, की फेन्स्केच्या समीकरणातून ते बाहेर येतात.

आमच्याकडे चार मीटर पॅकिंगचा एक जुना, लहान कॉलम होता. कमी शुद्धतेचे मिथेनॉल त्यातून निघत असे. एका बाहेरच्या कंत्राटदाराने त्यात नवे पॅकिंग भरले आणि त्यानंतर मालाची प्रत उतरली. रात्रपाळीला त्याची परीक्षा घ्यायची ठरली. फीडचा व्हॉल्व्ह बंद, मालाचा व्हॉल्व्ह बंद, रिफ्लक्सची लाइन पूर्ण उघडी. माथ्याचे तापमान 65 अंशांच्या आसपास येऊन घुटमळत होते. शिफ्टचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळा प्लांट मामा म्हणायचा, कंडेन्सरखालच्या काचेतून वाहणाऱ्या द्रवाकडे बघत अस्वस्थ झाले होते.

"मॅडम, स्टीम तर भरपूर खातोय, ड्रममध्ये थेंब नाही."

"खाऊ द्या मामा, आज त्याच्याकडून माल नाही घ्यायचा. आज त्याला मोजायचा."

काटा बराच वेळ हलला नाही तेव्हा नमुने घेतले. यात घाई चालत नाही. मधल्या पॅकिंगमधली मिश्रणे सावकाश आपापल्या जागी येतात, आणि माथा स्थिर दिसला तरी तळ अजून सरकत असतो. नमुनाही लगेच थंड करून घट्ट बूच लावावे लागते, नाहीतर मिथेनॉल उडून जाते आणि आकडा आपल्याला वाईट दाखवतो. शिवाय मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, त्यामुळे हातमोजे, गॉगल आणि आसपास ठिणगी नाही याची खात्री.

लॅबमधून आकडे आले: वर 99.2 टक्के, तळाशी 0.2. गुणाकार 124 गुणिले 499, म्हणजे 62 हजारांच्या जवळपास. टप्पे निघाले साडेसात. रीबॉयलरचा एक वजा, पॅकिंगचे उरले साडेसहा. चार मीटरला आठ हवे होते. कुठेतरी दीड टप्पा हरवला होता.

पॅकिंगमध्ये टप्पे हरवण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वरून पडणारा द्रव सगळीकडे सारखा न पसरणे. मॅनहोल उघडून पाहिले तर द्रव पसरवणारा डिस्ट्रिब्युटर एका बाजूला कललेला होता. द्रव एका अंगाने उतरत होता, वाफ दुसऱ्या अंगाने चढत होती, आणि मधल्या बऱ्याच पॅकिंगवर दोघांची गाठच पडत नव्हती. स्पिरिट लेव्हल लावून तो सरळ केला, पुन्हा परीक्षा घेतली आणि टप्पे भरून आले. नवे पॅकिंग मागवायच्या गप्पा सुरू झाल्या होत्या, त्या थांबल्या.

फार चांगल्या कॉलमला मात्र ही परीक्षा मिथेनॉल-पाण्यावर घेता येत नाही. दोन्ही टोके इतकी शुद्ध येतात की मोजायला काही उरत नाही. म्हणून ट्रे आणि पॅकिंग यांच्या कंपन्या कमी अल्फाच्या जोड्या वापरतात, जसे सायक्लोहेक्झेन आणि हेप्टेन.

जिथे उत्तर अनंत येते

आता पुन्हा डिस्टिलरीकडे. मळी आंबवून मिळणाऱ्या द्रवात, ज्याला वॉश म्हणतात, अल्कोहोल 8-10 टक्क्यांच्या आसपास असते. सुरुवातीला अल्फा भरपूर मोठा असतो, त्यामुळे पहिले टप्पे दणदणीत काम करतात. पण अल्कोहोल वाढत जाते तसा अल्फा घसरत जातो, आणि वजनाने 95.6 टक्क्यांना तो बरोबर 1 होतो. त्या मिश्रणाला 78.2 अंशांना उकळा. वाफेत जेवढे पाणी, द्रवात तेवढेच. वेगळे होण्यासारखे काही उरतच नाही.

फेन्स्केचे समीकरण इथे काय म्हणते? 1 चा लॉग शून्य, आणि शून्याने भागायचे. उत्तर अनंत. अल्फा बदलता असल्यामुळे हे समीकरण अल्कोहोल-पाण्यावर अचूक आकडा देत नाही, तिथे आलेखच काढावा लागतो. पण या बिंदूवर ते जे सांगते ते शंभर टक्के खरे आहे: साध्या ऊर्ध्वपातनाने, कॉलम आभाळाला टेकवला तरी, इथून पुढे जाता येणार नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला तर 99.5 टक्क्यांच्या वरची शुद्धता लागते. म्हणून पूर्वी त्यात बेंझिन किंवा सायक्लोहेक्झेनसारखा तिसरा द्रव घालून पाणी ओढून काढत. आता बहुतेक कारखान्यांत कॉलमनंतर मॉलिक्युलर सिव्हच्या टाक्या असतात. त्यातल्या खनिज मण्यांची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. साखर कारखान्यांत इथेनॉलच्या प्रकल्पांबरोबर या टाक्या का आल्या, याचे उत्तर शून्याने भागण्यात आहे.

संगणकाच्या सिम्युलेशनमुळे हा हिशोब जुना झाला, असे मुले म्हणतात. सिम्युलेशन मीही रोज वापरत असे, आणि वापरलेच पाहिजे. पण संगणकाला अशक्य काम दिले तरी तो रात्रभर आकडेमोड करत बसतो आणि सकाळी नुसते 'उत्तर जमले नाही' असे सांगतो. अल्फा चुकला, शुद्धता जास्त मागितली की ट्रे कमी पडले, यांतले नेमके काय ते सांगत नाही. किमान आकडा आधी काढलेला असेल तर ती रात्र वाचते.

म्हणून माझे सांगणे सोपे आहे, आणि ते विद्यार्थ्यांइतकेच कारखान्याच्या संचालकांनाही आहे. कॉलमचे कोटेशन समोर आले की तीन आकडे मागा: वरची शुद्धता, तळाची शुद्धता आणि अल्फा. पुरवठादार किती टप्पे देतो आहे ते रीबॉयलर धरून त्यांच्याशी ताडून पहा. किमानपेक्षा कमी असतील तर कोटेशन परत करा. किमानच्या दीडपटीच्या आत असतील तर दर लिटरमागे स्टीम किती लागेल ते लेखी घ्या. दुपटीच्या आसपास असतील तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.